न सरकणारा ठिपका

३ मार्च
आलो एकदाचे. सामान अजून खोक्यांत आहे, पण चहाची भांडी सापडली, म्हणजे संसार लागला असं हिचं म्हणणं. दोन खोल्या, स्वच्छ भिंती, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. या भिंतींना आमच्याबद्दल काही ठाऊक नाही, हे सगळ्यांत बरं. कचेरी चालत दहा मिनिटांवर. आकाश बघायची नोकरी आणि कामाची वेळ नऊ ते पाच, याचं हिला फार हसू आलं. किती दिवसांनी हसली! मग मीही तेच वाक्य पुन्हा दोनदा म्हणून घेतलं.

५ मार्च
काम समजलं. वर पृथ्वीभोवती फिरणारी दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे तासातासाला फोटो पाठवते. तारे जागच्या जागी असतात, लघुग्रह मात्र दर फोटोत जरासे सरकलेले. त्या सरकणाऱ्या ठिपक्यांची जागा मोजायची, तेज मोजायचं, तक्त्यात भरायचं. तेजाचा आकडा उलटा चालतो: जितका लहान, तितका ठिपका तेजस्वी. एकवीस म्हणजे जेमतेम दिसणारा. आमच्या विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, बोलायला फटकळ आहेत पण शिकवतात मनापासून. एखादा ठिपका पाहून लगेच नाचू नका, म्हणाल्या, निम्मे तर यंत्राचेच खेळ असतात.

९ मार्च
एक नवा ठिपका. यादीत त्या जागी काहीच नाही. तेज २१.४. सकाळपासून आठ फोटोंत आहे, पण केसभरही सरकलेला नाही. जेवताना हिला सांगितलं. हट्टी दिसतोय, ठमीसारखा, असं ती सहज बोलून गेली.
ठमी आमची मुलगी. सहा वर्षांची होती. चार दिवस ताप आला आणि गेली. त्याला आता दोन वर्षं झाली, आणि एवढ्या काळात हिच्या तोंडून ते नाव आज पहिल्यांदा आलं. हात वाळले तरी आम्ही ताटांवरून उठलो नाही.

१२ मार्च
२०.१. घरी येऊन चपला काढतो न काढतो तोच हिने विचारलं, आज वीसवर आला ना तो? मी काहीच बोललो नव्हतो. अंदाज असेल. उजळत चाललाय हे तिला माहीत होतंच.

१४ मार्च
मोठ्या बाईंना दाखवला. त्यांच्या पडद्यावर तोच फोटो, तीच जागा, आणि तिथे निव्वळ काळोख. माझ्या टेबलाशी येऊन वाकून पाहिलं, तरी त्यांना काही दिसेना. खुर्ची ओढून बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या की माझ्या मुलीबद्दल त्यांच्या कानावर आलंय, हवी तर दोन दिवस रजा घ्या. मी मान डोलावली. रजा घेतली नाही.
हिने सकाळीच अठरा पूर्णांक सात सांगितलं होतं. दुपारी मोजलं. १८.७.
बटाटे सोलता सोलता ती म्हणाली की आकडा ठमी सांगते. भांडी घासताना, नळाच्या आवाजात. मी घाबरायला हवं होतं. मला आधी हेवा वाटला.

१७ मार्च
दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. जे उजळत जातं पण बाजूला सरकत नाही, ते सरळ आपल्याकडे येत असतं.
त्या जागेजवळून या आठवड्यात दोन जुने लघुग्रह जायचे होते. गेले. पलीकडे निघाले नाहीत. सगळे फोटो चाळले, पुन्हा पुन्हा. नाहीतच.
हिला सांगितलं. तिने ऐकलं आणि ठमीचा निळा स्वेटर खोक्यातून काढून वाळत घातला. तो तिने बरोबर आणलाय हे मला माहीत नव्हतं.

१९ मार्च
आज सकाळी ही म्हणाली, सोळा.
मी पेला खाली ठेवला. आमची ठमी सोळा कधी म्हणायचीच नाही. पंधरानंतर थेट सतरा. किती शिकवलं, रागावलो, हसलो, तरी नाही. हे मी हिला मोठ्याने बोलून दाखवलं. ती ठमी नाही, म्हटलं.
हिने उठून नळ सोडला. भांडी स्वच्छ होती.

२१ मार्च
आज हात धुताना मलाही ऐकू आलं. बारीक आवाज, अगदी तिचाच. तेरा, चौदा, पंधरा, सतरा.
परवा मी बोललो ते — ऐकलं त्याने.
दुरुस्त केलं.

२३ मार्च
९.२. आता रोज नाही, तासातासाला उजळतोय. हिला म्हटलं, चल, निघून जाऊ, आज, आत्ता. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला.
"ती नाहीये. मला कळत नाही का? पण कुणीतरी येतंय ना."
मी चपला पुन्हा काढून ठेवल्या.

२५ मार्च
फोटो पांढरा. अख्खा. बाई म्हणतात, फोटो ठीक आहे, तारे स्वच्छ दिसताहेत, तुम्ही घरी जा. दारापर्यंत सोडायला आल्या.
सगळ्या रस्त्याने माझ्या दोन सावल्या —
कुणी पाहिल्या नाहीत.

२६ मार्च, दुपार
पडदे ओढलेत. तरी दाराच्या फटीतून उजेड. पांढरा. ऊन असा नसतो.
हिने स्वेटर घडी करून मांडीवर घेतलाय.
नळ बंद आहे. आवाज आता जिन्यात.

थाप. दाराच्या खालच्या अंगाला. सहा वर्षांच्या मुलीचा हात पोचेल तिथे. आज ती आठची असती. हे त्याला ठाऊक नाही — सांगणारही नाही मी.

पुन्हा थाप.
ही उठली. कडीवर हात. माझ्याकडे बघतेय, विचारतेय, उघडू का. मी नाही म्हणायला हवं. तोंडापर्यंत आलंय. तिचा चेहरा इतका — दोन वर्षांत असा पाहिला नव्हता. मी वही मिटून तिला