लिंतांगची मान

तीर्थरूप आईला बालिकपापनहून सेकारचा नमस्कार.

तुझ्या तान्ह्या नातीचं, लिंतांगचं, डोकं मागून एका बाजूला चपटं झालंय, हे सासूबाईंनी तुला फोनवर सांगितलंच. घाबरू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूला काही झालेलं नाही. मानेचा स्नायू आखडलाय, म्हणून पोरगी सारखी उजवीकडेच वळून झोपते." झोपवायचं पाठीवरच; पण जागी असली की पालथी घालायची आणि खुळखुळा डावीकडून वाजवायचा. मानेचे व्यायामही शिकवलेत.

सासूबाई म्हणतात, "एवढं होईपर्यंत आईचं लक्ष कुठं होतं?" पण नातीला त्या फार मायेनं सांभाळतात.

तुझी कंबर कशी आहे? धाकटीला नोकरी लागली का?

काल लिंतांगनं पालथी असताना मान उचलली, डावीकडे वळवली आणि मला बघून हसली. सासूबाई आनंदानं रडल्या. मला काहीच वाटलं नाही, आई. हसायचं असतं म्हणून हसले. बाळंतपणापासून हे असंच आहे. तुझा जावई बागास कामावरून दमून येतो, त्याला अजून सांगितलेलं नाही.

बाळाचं डोकं हळूहळू भरून येईल. तू मात्र मिळेल त्या बोटीनं ये. माझ्यासाठी ये.

तुझीच,
सेकार