रोयाचे मंगळवार

मुलुंड पूर्व,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीप्ती,

अनेक आशीर्वाद. तुझे पोह्याचे पापड पोचले. दोन फुटले, बाकी झकास. गुडघा बरा आहे. परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, तुझी इराणची विद्यार्थिनी काय म्हणते गं?" आणि मी पापडांचंच बोलत राहिले. म्हणून लिहितेय.

निवृत्तीनंतर मी रोयाला दर मंगळवारी दुपारी कॉम्प्युटरवर वनस्पतिशास्त्र शिकवते. ती बहाई धर्माची. तिच्या देशात बहाई मुलांना विद्यापीठाची दारं बंद, म्हणून आमच्यासारखे काहीजण गुपचूप शिकवतात. मला 'बाई' म्हणायला शिकलीय. तिच्या खिडकीबाहेर तुतीचं झाड आहे. दुपारी माझा डोळा लागला की ते आपल्या गॅलरीबाहेर उभं दिसतं, रोया खाली पानं वेचत असते, आणि मी मुलुंडात आहे की तिच्या शिराझ शहरात, कळत नाही.

सप्टेंबरात मी तिला म्हटलं, "अगं, अर्जावर दुसरा धर्म लिही ना. एका शब्दाने काय बिघडतं? रीतसर डिग्री मिळेल."

ती बराच वेळ वहीत पानाच्या शिरा काढत राहिली. मग म्हणाली, "बाई, मग तिथे शिकायला जाईल ती कोण असेल?"

मी तिला खोटं लिहायला सुचवलं, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

डिसेंबरात तिच्या घरावर पोलिसांचा छापा पडला. वह्या, लॅपटॉप आणि रोया, सगळं नेलं. तिच्या आईने दोन ओळींत कळवलं. त्यानंतर सात मंगळवार मी काळ्या स्क्रीनपुढे बसून शिकवलं. पुन्हा पहिल्यापासून, मुळं, खोड, पानं. वेडेपणा म्हण. थांबले असते तर ती खरंच गेली, असं वाटलं असतं.

काल ती आली, आईच्या फोनवरून. जामिनावर सुटलीय, खटला चालेल. गाल बसलेत.

"तुला कोण शिकवतं, असं रोज विचारायचे," म्हणाली. "खोटं बोलले नाही, बाई. नावही सांगितलं नाही. नुसती गप्प बसले."

मी इथे पंख्याखाली; मला कोण काय करणार होतं? तरी तिने मला जपलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "फुलांपर्यंत आलो होतो ना आपण?"

शिकवलं. दोन तास.

माफी राहूनच गेली गं. येत्या मंगळवारी आधी ती मागेन, मग धडा. तेवढं धैर्य मला यावं म्हणून प्रार्थना कर. कोणत्या देवाला, ते तुझं तू ठरव.

तुझी,
वसूताई