पुसून टाकायला सांगितलेला फोटो

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर

सौ. सुनंदावन्संना दुर्गाचा नमस्कार.

त्या दिवशी सकाळी मी दूध तापवलं, देवांची भांडी घासली, कपडे वाळत घातले आणि फोडणीला मोहरी घ्यायला गेले, तर मोहरी जागेवर नाही. (गुडघा कसा आहे, हे आधी विचारायला हवं होतं. कसा आहे? तेल लावता ना?) महिनाभर ज्यांच्या हातात चमचा ठरत नव्हता, ते तुमचे दादा एक हात भिंतीला टेकून, सगळे डबे ओट्यावर अक्षरवार मांडून त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवत होते. त्याही हिंदीत, कामवालीला वाचता याव्यात म्हणून. मोहरी 'राई' होऊन र मध्ये गेली होती. मी अजून तिला म मध्येच शोधते.

हा सगळा उत्साह स्टेरॉइडचा. एमएसचा झटका आला (मल्टिपल स्क्लेरोसिस, पूर्ण नाव म्हणायला मला दोन महिने लागले), तेव्हा पाच दिवस सलाइनमधून औषध दिलं, पुढे गोळ्या. डॉक्टर म्हणाले होते, भूक वाढेल, झोप उडेल, चिडचिड होईल, चेहरा सुजेल. मी चारही वेळा मान हलवली आणि घरी येऊन चारही विसरले. मुलीसाठी आणलेली तीळगुळाची गजक ह्यांनी एका बैठकीत संपवली, तशी मी कपाटाला कुलूप घातलं. "कुलूप जरूर लाव," म्हणाले, "फक्त चावी कुठे ठेवतेस तेवढं सांगून ठेव." मी समोरच्या गरिमादेखत त्यांना हावरट म्हटलं. ते हसले नाहीत. पुढे चेहरा पुरीसारखा फुगला आणि तीच गरिमा मला विचारते, "भाभी, भाईसाहब की तो सेहत बन गई! क्या खिला रही हैं?" मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "ताला."

गेल्या आठवड्यात औषधांचा खण आवरताना त्या गोळ्यांचा कागद सापडला. भिंग आणि शब्दकोश घेऊन तीन दुपारी वाचला. (माझी शाळा सातवीत सुटली, वाचन नाही.) भूक, राग, जागरण, गोल चेहरा, सगळं बारीक अक्षरांत छापलेलं. हावरटपणा कुठेच नव्हता.

चेहरा उतरला की फोटो काढू, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. तो उतरायच्या आत निमोनिया झाला. आता भिंतीवर त्यांच्या ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, पंचवीस वर्षांपूर्वीचा फोटो आहे. नवीन माणूस विचारतो, मुलगा का? त्या फोटोतल्याने माझ्याकडे चावी कधी मागितली नव्हती.

बाकी ठीक. काही काम नाही, सहज लिहिलं.

तुमची वहिनी,
दुर्गा

ता. क. काम आहे. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तुम्ही मोबाईलवर त्यांचा फोटो काढलात. गाल वर आलेले, ओठाला गजक. मी ओरडले, पुसून टाका. तुम्ही रागाने "पुसला" म्हणालात आणि न जेवता निघालात. माझं चुकलं. वन्सं, तेव्हा तुम्ही खोटं बोलला असाल तर फार बरं होईल. असेल तर पाठवा.

ता. क. दुसरं. काल पत्र टाकायचं राहिलं. आज नया बाजारात फ्रेम आणायला गेले. दुकानदाराने विचारलं, फोटो किस साइज़ का है? म्हटलं, "चेहरा गोल है, ज़रा चौड़ी दीजिए." आणली. खिळा मीच ठोकला.