चोरासाठी ठेवलेला फोन

एदिल्बेर्तो,

मसूर-भात शेगडीवर आहे, गरम करून घे.

आज बाजारात जाताना तुझा जुना फोन नेला. बसमध्ये चोर आला तर हातावर ठेवायला म्हणून तू बाळगतोस तो. "त्यात सिमसुद्धा नाही गं," म्हणाला होतास. बसमध्ये तो वाजला. आपल्या समोरच्या घरातल्या नेल्लीचा व्हॉइस मेसेज: "राजा, म्हातारी गेली का बाजारात?" गेली हो, बाई!

पुढच्याच स्टॉपवर खरंच चोर चढला आणि सुरा दाखवून फोन मागू लागला. मी माझा नवाकोरा फोन देऊन टाकला. तुझा पोटाशी धरून ठेवला, कारण नेल्लीचे बाकीचे मेसेज ऐकायचे राहिले होते.

सगळे ऐकले. बहिणीकडे दुरानला चाललेय. फोन करू नकोस. माझा चोराकडे आहे, आणि तुझा या चिठ्ठीवर ठेवलाय, पूर्ण चार्ज करून.

ग्लादिस