आम्ही दोघे, म्हणजे मी आणि भाऊजी

३ जानेवारी, सकाळी ७.१०
नवी वही. हिच्यात खाडाखोड करायची नाही असं ठरवलं आहे.

हे वर्ष आमचं. आम्ही म्हणजे 'दोन ओल्या काड्या'. भाऊजी गिटार वाजवतात आणि गातात, मी ड्रम वाजवतो. तिसरं कोणी नाही. भाऊजी म्हणजे ताईचे मिस्टर, वेल्डर आहेत. आमचा प्रकार ब्लूज-रॉक. म्हणजे दुःखाचंच गाणं, पण शेजारच्यांनाही ऐकू जाईल असं. बँडचं नाव मी ठेवलं. बॅनरही मीच छापला, कारण मी फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे. शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखन सुटलं नाही. आमच्या बॅनरवर एकही चूक नाही. असं म्हणू शकणारे बँड फार नसतील.

संकल्प: रोज एक तास सराव. ताल पळवायचा नाही. कार्यक्रमाच्या दिवशी पोट बिघडू द्यायचं नाही.

५ जानेवारी
वेल्डिंगच्या शेडमध्ये सराव. भाऊजी म्हणाले, तू पळतोस. मी म्हणालो, मी तर स्टुलावर बसलोय. म्हणाले, हो, बसल्या बसल्या पळतोस. त्यांना थट्टेची सवय आहे. सहा मिनिटांचं गाणं आम्ही साडेचार मिनिटांत संपवलं. याला मी जोश म्हणतो.

१९ जानेवारी
बसस्टँडसमोरच्या कॅफेत पहिला कार्यक्रम. प्रेक्षक अकरा, त्यात आई आणि ताई. पोट बिघडलं, पण वेळेत सुधारलं.

शेवटी एका ट्रकड्रायव्हरने भाऊजींचा हात धरला. म्हणाला, तुमचं दुसरं गाणं ऐकून बायकोची आठवण आली हो. ती कुठे असते, असं मी हळूच विचारलं. घरीच आहे, म्हणाला. मला वाटतं, हे माझ्या झांजेमुळे झालं असावं.

९ फेब्रुवारी
कॅफेवाल्याने दर गुरुवार आम्हाला दिला. आज बसायला जागा नव्हती, लोक काउंटरला टेकून उभे होते. सगळ्यांना एकच गाणं हवं असतं, 'थांब जरा, येतो'. फार संथ आहे. त्यात भाऊजी 'थांब' म्हणतात आणि खरंच थांबतात. कधी दोन सेकंद, कधी पाच. लोक चमचा हातात धरून बसून राहतात. मग ते पुढचा शब्द उचलतात आणि ड्रम त्यांच्याबरोबर पडायचा असतो.

आज मी थोडा आधी पोहोचलो. भाऊजी 'थांब' म्हणत होते तेव्हा मी पुढच्या ओळीत होतो. त्यांनी पळत येऊन मला गाठलं. नंतर त्यांनी एकच वायर दोनदा गुंडाळली. ताई म्हणाली, अरे, हे श्वास घेत होते. मी म्हणालो, मग तो आधी घेऊन ठेवायचा.

२२ फेब्रुवारी, दुपारी
उपाय सापडला. मेट्रोनोम. फोनमध्ये मिळतो, फुकट. सारख्या अंतराने टिक-टिक करतो, पळत नाही, रेंगाळत नाही. उजव्या कानात लावून वाजवायचं. आता मला कोणी पळतोस म्हणून दाखवावं.

२ मार्च
टिक-टिक लावून पहिला कार्यक्रम. माझी एकही चूक झाली नाही. भाऊजींच्या बऱ्याच झाल्या. 'थांब'पाशी ते थांबले, मी नियमाप्रमाणे पुढे गेलो. ते मागे वळून डोळे मोठे करत होते. मी डोळे मिटून घेतले, एकाग्रतेसाठी. त्यांनी गाणं मध्येच आवरलं तेव्हा माझ्या आठ ओळी बाकी होत्या. त्या मी पूर्ण केल्या. काम अर्धवट टाकायची मला सवय नाही.

टाळ्या खूप पडल्या, हसण्यासकट. भाऊजी मागच्या दाराने निघून गेले. गिटार मी आणून दिली. ताईने दार उघडलं आणि म्हणाली, ते झोपलेत. आतून खोकला ऐकू येत होता.

१६ मार्च
मोठी बातमी! मैदानावरच्या संगीत महोत्सवाचे आयोजक कॅफेत आले होते. दाढी, गळ्यात दोन चष्मे. म्हणाले, एका गाण्याचा व्हिडिओ पाठवा, सहा बँड घेणार आहोत, दहा हजार माणूस येतं. व्हिडिओ रेकॉर्ड करायला ते त्यांचा माणूस शेडवर पाठवणार आहेत. रविवारी सकाळी दहा.

आपण आतापर्यंत नुसते हौशी होतो, हे लक्षात आलं. पूर्ण वेळ दिल्याशिवाय काही होत नाही.

१७ मार्च
नोकरी सोडली. मालकांना चिठ्ठी लिहून दिली, दोन परिच्छेद. त्यांनी वाचली आणि विचारलं, काय रे, तब्येत बरी नाही का? मी म्हणालो, प्रसिद्ध होतोय. म्हणाले, बरं मग अर्धा दिवस ये. मी नम्रपणे नकार दिला.

आईने जेवायला वाढलं. फक्त ताट जरा आपटून ठेवलं.

१९ मार्च, रविवार, दुपारी १
सकाळी ९.५५ ते ११.४० शेडमागच्या संडासात. पोट.

आतून ड्रम ऐकू येत होता. रेकॉर्डिंगवाल्याला आवाजाची पातळी तपासायची होती म्हणून ताई बसली होती म्हणे. ती मला औषध द्यायला आली होती. दवाखान्यात नर्स आहे. तपासणीपुरतं ठीक आहे. ड्रम मुळात ताईसाठीच घेतला होता, हे खरं. शाळेच्या बँडमध्ये वाजवायची. पण ती लग्न करून गेली आणि ड्रम घरी राहिला, त्यामुळे वारसाहक्काने तो माझ्याकडे येतो.

मी बाहेर आलो तेव्हा रेकॉर्डिंगवाला सामान गाडीत भरत होता. म्हणाला, झालं की, मस्त झालं, एका फटक्यात. मी म्हणालो, अजून मी वाजवलेलं नाही. म्हणाला, तुम्ही कोण?

मला वाटतं ते परत येतील.

२६ मार्च
व्हिडिओ नेटवर आला. चाळीस हजार लोकांनी पाहिला! मी आधी खालचे अभिप्राय वाचले. 'ड्रम कसला भारी.' 'ड्रमने रडवलं राव.' 'ड्रमवाली कोण आहे?' 'ड्रमवालीला सलाम.' लोकांचं लिहिणं किती ढिसाळ झालं आहे. बारा जणांना मी 'ड्रमवाला' अशी दुरुस्ती कळवली.

मग व्हिडिओ पाहिला.

२७ मार्च
ताईचा नर्सचा गणवेश. बाह्या वर सारलेल्या. वाजवताना ती ड्रमकडे बघतच नाही, सगळा वेळ भाऊजींच्या मानेकडे बघते. मी असतो तर मागे बॅनर नीट दिसेल असा लावला असता.

थंड डोक्याने विचार केला. ही चाचणी होती. चाचणी चांगली झाली म्हणजे खरं काम आणखी चांगलं होणार.

४ एप्रिल
निवड झाली. फोन मीच घेतला. आयोजक म्हणाले, नवरा-बायको दोघांचं अभिनंदन. मी म्हणालो, बँड साला-मेहुण्यांचा आहे. ते म्हणाले, हो हो, त्यांनाही घेऊन या. काहीतरी गैरसमज आहे. भाऊजी दूर करतीलच.

५ एप्रिल
भाऊजींनी दूर केला नाही. घरी आले, चहा घेतला, पंख्याकडे बघून म्हणाले, हा आवाज करतो. मग खाली वाकून माझ्या खुर्चीचा पाय हलतोय का बघितलं. म्हणाले, वेल्ड करून देतो. सव्वा तास बसले आणि गेले. दारात चप्पल घालताना खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

हे लक्षण काही ठीक नाही.

७ एप्रिल, संध्याकाळी
ताईकडे गेलो. सरळ सांगितलं, तू नाही म्हण. तू नाही म्हणालीस की विषय संपला. माझ्याकडे नोकरी नाही ताई, आता हेच आहे.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, तू कधी विचारलंस का मला काय हवंय ते? मी म्हणालो, काय हवंय? म्हणाली, मला वाजवायचंय रे. पंधरा वर्षं झाली, दवाखान्यात ट्रे घेऊन चालते तेव्हासुद्धा बोटं चालू असतात माझी. आणि घडी घालायची थांबली.

मी तिथल्या तिथे तोडगा सुचवला: ड्रम दोन, बँड 'तीन ओल्या काड्या', बॅनर नवीन, माझ्याकडून. भाऊजी स्वयंपाकघरातून म्हणाले, अरे, एक पळणार आणि एक थांबणार, मी कोणाच्या मागे जाऊ?

शेवटी ताईच म्हणाली, या गुरुवारी तू वाजव. कॅफेत. कानात काही घालायचं नाही. 'थांब जरा'मध्ये थांबलास तर मैदानावर तूच बस, मी एक शब्द बोलणार नाही.

ताईचा स्वभाव मोठा आहे. काम फत्ते झाल्यासारखंच आहे.

१० एप्रिल
थांबण्याचा सराव. भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून तीन, चार, पाच, सात सेकंद थांबलो. अडचण अशी की भाऊजी किती थांबणार हे त्यांनाही माहीत नसतं. त्यांना तसं विचारलं. म्हणाले, माझ्याकडे बघ, कळेल. मी अर्धा तास बघितलं. त्यांनी विचारलं, काय झालं?

आई म्हणाली, जेव जरा. जेवण जात नाही.

१३ एप्रिल, गुरुवार
हे व्यवस्थित लिहायचं आहे.

कॅफे गच्च. व्हिडिओ पाहून बाहेरगावची माणसंही आलेली. पहिली तीन गाणी जोशात. मग 'थांब जरा'. तळहाताला इतका घाम की काड्या निसटत होत्या. मनात एकच: घाई नाही, घाई नाही, काही झालं तरी घाई नाही. भाऊजी 'थांब' म्हणाले. मी थांबलो. त्यांनी श्वास घेतला. मी थांबलो. ते पुढचा शब्द गायले. मला वाटलं, हा खरा शब्द की अजून यायचाय? म्हणून थांबलो. ते मागे वळले, मानेने खूण केली, ये ये. ती खूण मला की कॅफेवाल्याला, हे ठरेपर्यंत ती ओळ गेली. मग मध्येच घुसणं बरं दिसलं नसतं. मी हात वर धरून थांबलो. शेवटपर्यंत.

गाणं संपलं तेव्हा कोणी टाळीच वाजवली नाही, इतकी शांतता. मग लोक उभे राहिले. एक बाई डोळे पुसत होती. कॅफेवाला म्हणाला, ड्रमशिवाय काय सुंदर लागलं हो आज.

एकदाही घाई झाली नाही, ही नोंद करून ठेवतो.

ताईने माझे हात खाली घेतले. ते अजून वरच होते.

१४ एप्रिल
आज काही लिहिण्यासारखं नाही.

२४ एप्रिल
दुकानात गेलो. मालक म्हणाले, झालास का प्रसिद्ध? मी म्हणालो, प्रक्रिया चालू आहे. म्हणाले, मशीन चालू कर.

पहिलंच काम महोत्सवाचं निघालं. वीस फूट बाय दहा. ताई आणि भाऊजी, खाली 'दोन ओल्या काड्या'. शुद्धलेखन तीनदा तपासलं. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

७ मे, रविवार, रात्री घरी आल्यावर
महोत्सव. मी फ्लेक्स बांधायला गेलो होतो, अधिकृतपणे. दोरीच्या गाठी मारून उतरत होतो तेव्हा आमच्या दोघांचं, म्हणजे त्या दोघांचं, पहिलं गाणं सुरू झालं.

स्टेज गुळगुळीत, नवीन प्लायवूडचं. ताईच्या प्रत्येक ठोक्याला पायाने वाजवायचा मोठा ड्रम बोटभर पुढे सरकत होता. दुसऱ्या गाण्यापर्यंत तिचा पाय पुरेना. भाऊजी गाता गाता बुटाने तो मागे ढकलत होते. स्टेजवरची पोरं विटा शोधायला पळाली, विटा मिळेनात. ताईने इकडेतिकडे बघितलं आणि तिला शिडीवर मी दिसलो. नुसतं बघितलं.

मी स्टेजवर गेलो आणि ड्रमच्या पुढ्यात, त्याला पाठ लावून, पाय रोवून बसलो. तोंड लोकांकडे. दहा हजार माणूस. बरोबर मधोमध मी, हातात काही नाही. कोणीतरी ओरडलं, ओ भाऊ, बाजूला व्हा की! मला होता येत नव्हतं.

चाळीस मिनिटं. प्रत्येक ठोका पाठीत बसायचा. शेवटी 'थांब जरा'. भाऊजी 'थांब' म्हणाले आणि थांबले. समोर दहा हजार माणसं श्वास धरून. माझाही अडकलेला. मी मनात म्हणालो, आता. ठोका नाही पडला. म्हणालो, आता. नाही. मग मी म्हणायचं सोडून दिलं, आणि तो आला, पाठीच्या मधोमध, भाऊजींच्या शब्दाबरोबर. मला रडू आलं ते पहिल्या रांगेने पाहिलं असणार.

मी वाजवत असतो तर दोनदा चुकलो असतो. हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

नंतर ताईने माझ्या पाठीला मलम लावलं. भाऊजी म्हणाले, आज तू हललाच नाहीस रे! हे त्यांनी माझ्या वाजवण्याबद्दल आजवर काढलेले सर्वांत चांगले उद्गार.

त्यांना आणखी चार शहरांतून बोलावणं आलं आहे.

९ मे, सकाळी
चारही ठिकाणी फोन करून चौकशी केली, स्टेज कसलं आहे म्हणून. तीन ठिकाणी गालिचा आहे. चौथ्या ठिकाणचा माणूस म्हणाला, आमच्याकडे ड्रम सरकू नये म्हणून पुढे खिळे ठोकून देतात.