गंगूचा तांबडा रंग

इंदापूर, मंगळवार, मार्गशीर्ष शके १८५७

धाकटी जाऊ गंगू आज सकाळी कायमची माहेरी गेली, नरसिंहपूरला. सहा वर्षं लोकर तिनं रंगवायची आणि मोजे मी विणायचे, असं आमचं चाललं होतं. काल सासूबाई तिला सगळ्यांसमोर वांझ म्हणाल्या, तेव्हा मी टाके मोजत बसले. मोजत कसली, नुसत्या सुया हलवत होते.

निघताना ती म्हणाली, "अक्का, तुमी तरी बोलायचं व्हतं."

मी "व्हय" म्हणाले. एवढंच.

दुपारी तांबडा रंग मीच उकळला. लोकर विटकरी निघाली. वाईट वाटायला हवं होतं ना? काहीच वाटलं नाही.

सासूबाईंनी विचारलं, "रंग असा का आला?"

"गंगूला तुमी घालवलीत म्हणून."

त्या लोकर तिथंच ठेवून आत गेल्या. बोलणं इतकं सोपं होतं.