खोट्या गर्दीचा खरा धक्का

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार (माझी पाठ परवानगी देते तेवढाच). तुमचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणजे तुम्ही नक्कीच चढत असाल. मी मजेत आहे. सध्या माझी मान ताठ आहे, आणि ती अवघडल्यामुळे नाही. ऐका.

परीक्षेचा निकाल ज्या साइटवर लागतो ती यंदा आमच्या ऑफिसकडे आली. निकालाच्या दिवशी पोरं, त्यांचे आईबाप, मावश्या आणि शेजारी (शेजारी सगळ्यांच्या आधी) एकदम तुटून पडतात. ती गर्दी साइटला पेलेल का, हे आधीच बघायचं काम माझं. पलंग विकण्याआधी त्यावर पोरं नाचवून बघावीत, तसं. आता एवढी खोटी गर्दी एका कॉम्प्युटरच्याने उभी होत नाही, तोच धापा टाकायला लागतो. म्हणून वेगवेगळ्या शहरांतली मशिनं भाड्याने घेतली. त्यांनी मिळून गर्दी करायची आणि माझ्या टेबलावरच्या मशिनने मुकादमासारखं नुसतं ‘चला’ म्हणायचं.

माझ्या पडद्यावरच्या यादीत सगळी मशिनं हजर दिसली. मी ‘चला’ म्हटलं. साइट ढिम्म. गर्दी मोजणारी पडद्यावरची रेघ झोपलेली. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि खूश झाले. “बघा, एवढी गर्दी आली तरी केस वाकडा झाला नाही! तयार आहे म्हणून कळवून टाका.”

आपल्या घराण्यात पदरात पडणारं कौतुक नाकारायची पद्धत नाही, आत्या. पण पोरं गप्प झाली की तुम्ही हातातलं काम टाकून धावत यायचात ना, तशी मला ती शांतता खटकली. मी म्हटलं, “साहेब, ही गर्दीला पुरून उरलेली नाही. गर्दी आलीच नाही.”

साहेबांचा चेहरा उतरला, कारण निकाल तोंडावर आला होता. मी आधी नेटवर्कवाल्याला गाठलं (त्याला सगळे द्वारपाल म्हणतात, कारण तो कुणालाच आत सोडत नाही). ओळख करून घ्यायचं दार त्याने उघडं ठेवलं होतं (म्हणून यादीत सगळी हजर), काम सांगायचं दार मात्र बंद. भांडून तेही उघडून घेतलं. तरी सामसूम! मग एकेका मशिनची उलटतपासणी केली, तेव्हा चोर सापडला. माझं मशिन विचारायचं, “निरोप कुठे पाठवू?” आणि प्रत्येक मशिन सांगायचं, “स्वतःच्या घरी.” स्वतःच्या म्हणजे कुणाच्या? माझं भाबडं मशिन दर वेळी आपलंच दार वाजवून परत यायचं! मी प्रत्येकाला स्वतःचा पूर्ण पत्ता घोकायला लावला आणि पुन्हा ‘चला’ म्हटलं.

आणि आली हो गर्दी! रेघ ताडकन उठली आणि साइट धाडकन आडवी झाली. मी टाळ्या वाजवल्या.

“साइट पडली आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?” साहेब ओरडले.

“आज पडली म्हणून. निकालाच्या दिवशी पडली असती, तर लोकांनी आपल्या गालावर वाजवल्या असत्या.”

साइट बांधणाऱ्यांनी तोंड पाडून बघितलं, तर ती प्रत्येक येणाऱ्यासाठी सगळ्या मुलांचे निकाल पहिल्यापासून चाळत बसत होती. ते सुधारलं. मी पुन्हा गर्दी सोडली, पुन्हा पडली, पुन्हा सुधारलं. निकालाच्या दिवशी खरी गर्दी आली, शेजाऱ्यांसकट, आणि साइट खांबासारखी उभी राहिली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “हिने माझं ऐकलं नाही म्हणून वाचलो.” असं वाक्य आपल्या घरात आजवर कुणाला ऐकायला मिळालंय का? सांगा.

तब्येतीला जपा, आणि जिना चढलात तर निदान कठडा धरून.

तुमची लाडकी भाची,
शेंडेफळ

ता. क. बाबा अजून शेजाऱ्यांना सांगतात, “पोरगी चांगल्या चालत्या साइटी पाडते, त्याचाच पगार घेते.” ते ऐकतात फक्त तुमचं, कारण त्यांचे कान तुम्ही उपटलेत. तेव्हा हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. साहेबांचं वाक्य दोनदा.

ता. क. दुसरा. मी सांगितलं म्हणून वाचताय हे त्यांना कळू देऊ नका. आणि आत्या, कृपा करून या वेळी सहीपाशी थांबा. मागचं पत्र तुम्ही ताज्या कलमासकट वाचलं होतंत.